अंड्याचे काम कोण करील?

दिल्ली आणि तिच्या आसपासची नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद ही शहरे मिळून जो राजधानी प्रदेश बनतो, त्यातील पुष्कळ बेकऱ्यांत केकचे दोन प्रकार मांडलेले दिसतात. एका प्रकारावर कोणतीही विशेष खूण नसते. दुसऱ्यावर ‘एगलेस’, म्हणजे अंडेविरहित, अशी चिठ्ठी असते. या दुसऱ्या प्रकाराला येथे मोठी मागणी आहे व तिची कारणे उघड आहेत. जैन, वैष्णव व इतर अनेक शाकाहारी कुटुंबे वर्षभर अंडे वर्ज्य मानतात. एरवी अंडे खाणारे पुष्कळ लोक मंगळवारी व नवरात्रात ते टाळतात. केक हा पदार्थ युरोपातून आला. १९२६ मध्ये स्थापन झालेली व आज कॅनॉट प्लेसमध्ये असलेली वेंगर्स ही बेकरी त्या आगमनाची आठवण देते. परंतु येथे स्थिरावताना केकने येथील आहारनियमांशी जुळवून घेतले.

मात्र ‘अंडेविरहित’ या चिठ्ठीकडे आणखी एक वर्ग आशेने पाहत असतो. ज्या मुलाला अंडे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा धाप लागते, त्याच्या आईवडिलांनाही वाढदिवसासाठी केक हवा असतो. अशा मुलांपैकी काहींना अंड्याबरोबर दूध सोसत नाही, काहींना गहू, काहींना शेंगदाणा, सोयाबीन किंवा काजू. त्यांच्या दृष्टीने ही चिठ्ठी अपुरी असते व प्रसंगी धोक्याचीही ठरते. कारण शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या केकमधून अंडे गेले, तरी त्याच्या जागी बहुधा दही किंवा आटवलेले डबाबंद गोड दूध येते आणि मैदा तर होता तेथेच राहतो. शाकाहार आणि सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एकाच वेळी अनेक पदार्थ वर्ज्य असताना केक कसा करावा? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या जादूच्या भुकटीत नाही. अंडे भट्टीत कोणकोणती कामे करते हे प्रथम समजून घ्यावे लागते. मग त्यांपैकी प्रत्येक काम, जो पदार्थ त्या व्यक्तीला चालतो अशाकडे सोपवावे लागते.

एका औषधविक्रेत्याची युक्ती

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक रसायनज्ञ औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि पाव फुगविण्यासाठी वापरले जाणारे यीस्टही सोसत नसे. कस्टर्ड हा दूध व अंडी यांचा घट्ट गोड पदार्थ इंग्रजांच्या घरोघरी होई. बर्डच्या घरी मात्र तो करता येईना. १८३७ मध्ये बर्डने मक्याच्या पिष्टाची एक भुकटी तयार केली. ती दुधात शिजविली असता अंड्यावाचूनच कस्टर्ड दाट होई. भारतातील वाणसामानाच्या दुकानांतून मिळणारी कस्टर्ड पावडर ही त्याच भुकटीची वंशज होय. तिच्या नावामुळे अनेकांचा समज होतो, पण मुळात तिचा जन्मच अंडे टाळण्यासाठी झाला.

यीस्टचा प्रश्न बर्डने १८४३ मध्ये निराळ्या मार्गाने सोडविला. त्याने एक क्षार व एक आम्ल यांचे कोरडे मिश्रण बनविले. ओले होताच त्यातून वायू सुटे व पीठ फुगे. बेकिंग पावडरच्या आद्य प्रकारांपैकी हा एक होय.

बर्डची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘अंड्यासारखे दुसरे काय आहे?’ असा प्रश्न त्याने केला नाही. कस्टर्डमध्ये अंडे दाटपणा आणते, म्हणून त्याने दाटपणा आणणारा पदार्थ शोधला. पावात यीस्ट वायू निर्माण करते, म्हणून त्याने वायू निर्माण करण्याचा दुसरा उपाय शोधला. दोन कामे, दोन उत्तरे.

कवचाच्या आत

कोंबडीच्या मध्यम आकाराच्या अंड्यातील खाण्याचा भाग सुमारे ५० ग्रॅम भरतो. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी, सहा ग्रॅमांच्या आसपास प्रथिने व पाच ग्रॅमांच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. पांढरा बलक म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेली प्रथिने होत. पिवळ्या बलकात जवळजवळ सर्व स्निग्धांश एकवटलेला असतो. या साध्या साहित्यातून अंडे निदान पाच कामे पार पाडते.

पहिले काम ओलावा देण्याचे. पीठ शिजण्यासाठी पाणी लागते, आणि एका अंड्यातून सदतीस-अडतीस ग्रॅम पाणी मिळते. अंडे वगळून बाकीची कृती तशीच ठेवली, तर केक कोरडा होण्याचे हे पहिले कारण.

दुसरे काम हवा धरून ठेवण्याचे. पांढरा बलक घुसळला की त्यातील प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रे तयार करतात. हलका, स्पंजासारखा केक या फेसावर उभा असतो.

तिसरे काम आकार पक्का करण्याचे. पांढरा बलक सुमारे ६२ अंश सेल्सिअसपासून गोठू लागतो; तापमान जसे चढते, तसा तो अधिक घट्ट होतो. भट्टीत बुडबुडे प्रसरण पावून केक फुगतो आणि त्याच सुमारास भोवतालची प्रथिने गोठून भिंती उभ्या राहतात. हे घडले नाही, तर फुगलेला केक भट्टीबाहेर येताच खाली बसतो.

चौथे काम तेल व पाणी यांना एकत्र नांदविण्याचे. पिवळ्या बलकातील लेसिथिन या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब वेगळे न होता मिश्रणात विखुरलेले राहतात. अशा मिश्रणास पायस म्हणतात. पाचवे काम चव, रंग व खुसखुशीतपणा यांचे असून तेही मुख्यतः पिवळा बलकच करतो.

प्रत्येक पदार्थात ही पाचही कामे सारख्याच महत्त्वाची नसतात. बिस्किटात एखादे अंडे असते ते पीठ बांधण्यापुरते. केळ्याच्या दाट केकमध्ये ते ओलावा देते आणि थोडासा आधार. ज्या पदार्थाचा सारा डोलारा फेटलेल्या पांढऱ्या बलकावर उभा असतो, त्यात मात्र अंडे हाच पाया असतो. म्हणून ज्या कृतीत एक अंडे आहे ती बदलणे सोपे, जीत तीन आहेत ती अवघड, आणि जीत सहा आहेत ती सोडून दुसरीच कृती निवडणे शहाणपणाचे.

‘सोसत नाही’ याचे तीन अर्थ

पर्याय शोधण्यापूर्वी काय टाळावयाचे व का टाळावयाचे, हे निश्चित व्हावे लागते. बोलण्यात ‘सोसत नाही’ हा एकच शब्दप्रयोग होतो. वैद्यकशास्त्रात मात्र त्यामागे तीन निराळ्या अवस्था असू शकतात.

पहिली अवस्था ॲलर्जीची, म्हणजे अधिहर्षतेची. शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते व त्याच्यावर तुटून पडते. अत्यल्प अंशही येथे पुरेसा होतो. गांधी, सूज, ओकारी ही सौम्य लक्षणे. श्वास कोंडणे व रक्तदाब एकाएकी उतरणे ही प्राणावर बेतणारी. असे झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. अंड्याची ॲलर्जी प्रामुख्याने पांढऱ्या बलकातील प्रथिनांची असते. त्यांपैकी ओव्हाल्ब्युमिन हे उष्णतेने पुष्कळसे बदलते. ओव्होम्युकॉइड मात्र उष्णतेला दाद देत नाही. याच कारणाने अंडे न सोसणाऱ्या मुलांपैकी अनेकांना केकमध्ये पूर्ण भाजलेले अंडे चालते, तर काहींना तेही चालत नाही. आपले मूल कोणत्या गटात मोडते याची परीक्षा घरी घेणे धोक्याचे आहे. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी.

दुसरी अवस्था पचनातील उणिवेची. दुधातील लॅक्टोज ही साखर पचविणारे विकर ज्यांच्या आतड्यात पुरेसे नसते, त्यांचे दूध प्यायल्यावर पोट फुगते व ढाळ होतात. हा त्रास मात्रेवर अवलंबून असतो. अशा अनेकांना दही थोडेफार चालते, कारण विरजणातील जंतूंनी काही लॅक्टोज आधीच वापरलेले असते. परंतु ज्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्याला दहीही वर्ज्यच. दोघांचेही आप्त ‘दूध सोसत नाही’ असेच सांगतात आणि घोटाळा तेथेच होतो.

तिसरी अवस्था सीलियाक रोगाची. गहू, सातू व राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे येथे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर आघात करते. अन्नरस शोषून घेणारे त्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. मूल जेवते, पण वाढत नाही. रक्तक्षय होतो, पोट बिघडते. कित्येकदा लक्षणे इतकी अस्पष्ट असतात की वर्षानुवर्षे निदानच होत नाही.

गव्हाच्या प्रदेशातील विकार

सीलियाक रोगाचा गव्हाशी असलेला संबंध नेदरलँड्समधील विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाने प्रस्थापित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण अन्नटंचाई होती व पाव मिळेनासा झाला होता. त्या काळात या रोगाच्या मुलांची प्रकृती सुधारलेली दिसली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती बिघडली. डिकेने आपले निष्कर्ष १९५० मध्ये प्रबंधरूपाने मांडले. तेव्हापासून या रोगाचा मुख्य उपचार एकच राहिला आहे : ग्लूटेनविरहित आहार, तोही आयुष्यभर.

भारतात हा विकार दुर्मिळ आहे, असे बराच काळ समजले जात होते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. गोविंद मखारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी प्रदेशातील शहरी व ग्रामीण वस्त्यांत पाहणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार तेथे सुमारे ९६ व्यक्तींमागे एकीला सीलियाक रोग आढळला. म्हणजे दोन-तीन वर्ग मिळून एखादा विद्यार्थी असे हे प्रमाण आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात उत्तर, ईशान्य व दक्षिण भारत यांची तुलना करण्यात आली. तीत हे प्रमाण उत्तरेत सर्वांत अधिक व दक्षिणेत अत्यल्प आढळले. उत्तरेत पोळी, पराठा, नान हेच रोजचे अन्न आहे. ज्या प्रदेशात गहू टाळणे सर्वांत कठीण, तेथेच तो टाळण्याची गरज असलेले लोक अधिक आहेत.

केकच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. मैद्यात पाणी मिसळले की ग्लूटेनचे लवचिक जाळे तयार होते व तेही वायूचे बुडबुडे धरून ठेवते. नेहमीच्या केकला अंडे व ग्लूटेन असे दोन आधारस्तंभ असतात. एक काढला तर दुसऱ्यावर काम भागते. दिल्लीतील शाकाहारी केक मैद्याच्या आधारावर उभा असतो तो असा. दोन्ही एकदम काढले, तर इमारत कोसळते. अनेक पदार्थ वर्ज्य असलेल्यांची खरी अडचण येथे आहे.

पर्यायांची पारख

आता एकेक पर्याय घेऊन त्याला कोणते काम साधते व तो कोणाला चालत नाही, हे पाहता येईल.

दही व आटवलेले गोड दूध. पाव वाटी दही एका अंड्याइतका ओलावा देते. त्यातील आम्ल खाण्याच्या सोड्याशी मिसळून वायू सोडते. दुधातील प्रथिने थोडा आधार देतात. आटवलेले गोड दूध गोडी, स्निग्धता व रंग पुरविते. भारतीय घरांतील अंडेविरहित केक बहुधा याच दोहोंवर बेतलेला असतो. मात्र दुधाची ॲलर्जी असणाऱ्यास दोन्ही निषिद्ध आहेत.

सोडा व आम्ल. खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर अथवा लिंबाचा रस मिसळताच कार्बन डायॉक्साइड वायू निघतो. एक चमचा सोडा व एक मोठा चमचा व्हिनेगर हे प्रमाण रूढ आहे. हा उपाय कोणत्याही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थावाचून होतो हे त्याचे बलस्थान. परंतु तो फक्त फुगवितो; बांधत नाही. मिश्रण कालविल्यावर ते लगेच भट्टीत गेले पाहिजे, नाही तर वायू उडून जातो.

जवस. जवसाची एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवली की बुळबुळीत, तार धरणारा लगदा तयार होतो. तो एका अंड्याच्या जागी बांधण्याचे व ओलावा देण्याचे काम करतो. महाराष्ट्रात जवसाची चटणी परिचित आहे. दिल्लीच्या बाजारात हाच जिन्नस ‘अलसी’ म्हणून मिळतो. जवस फुगवीत नाही आणि त्याची चव उग्र असते. म्हणून गूळ, दालचिनी किंवा कोको असलेल्या केकमध्ये तो अधिक शोभतो.

इसबगोल. इसबगोलाचा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून जेलीसारखा होतो. ग्लूटेन नसलेल्या पिठात हे जेल जाळ्याचे काम काही अंशी करते. म्हणून ग्लूटेनविरहित पावांच्या कृतींत त्याला मोठे स्थान मिळाले आहे. गुजरातेत याचे पीक मोठ्या प्रमाणावर होते व औषधांच्या दुकानात तो सहज मिळतो. मात्र चिमटीने घालावयाचा हा जिन्नस आहे. अधिक झाल्यास केक रबरासारखा चिवट होतो.

फळांचा लगदा. पिकलेले केळे किंवा शिजवलेले सफरचंद कुसकरून घातल्यास ओलावा, गोडी व थोडा बांधणारा गुण मिळतो. हलकेपणा मात्र मिळत नाही.

काबुली चण्याचे पाणी. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने कडधान्ये शिजविलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस होतो, असे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गूस व्होल्ट याने त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव दिले. चण्यातून पाण्यात उतरलेली प्रथिने, सॅपोनिने व विरघळणारी कर्बोदके यांचा हा परिणाम होय. सुमारे तीन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या जागी धरतात. छोले ज्या शहराचे आवडते अन्न, तेथे हे पाणी रोज मोरीत जाते! तथापि सोडा, मीठ व चहाची पूड घालून शिजविलेल्या छोल्यांचे पाणी या कामी उपयोगाचे नाही. चणे नुसत्या पाण्यात शिजविलेले हवेत. शिवाय हा फेस अंड्याप्रमाणे भट्टीत पक्का गोठत नाही, म्हणून एकट्याच्या भरवशावर उंच केक उभा राहत नाही.

चण्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. डाळ-बेसन हे आपल्याकडे निर्धोक अन्न मानले जाते. परंतु मुंबईतील निफाडकर आदी संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चणा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे दाखविले आहे. ज्याला चणा चालत नाही, त्याला त्याचे पाणीही चालत नाही.

तयार भुकट्या. अंड्याच्या जागी वापरण्याच्या काही विकतच्या भुकट्या बटाटा किंवा टॅपिओका यांचे पिष्ट व सोडा यांच्या बनलेल्या असतात. काहींत सोयाबीन असते. परदेशांत मिळणारे काही ‘पर्याय’ तर पिवळा बलक टाळणाऱ्यांसाठी असून पांढऱ्या बलकापासूनच केलेले असतात. म्हणून वेष्टनावरील नाव नव्हे, तर घटकांची यादी वाचावी.

मैद्याच्या जागी काय घालावे, याचे उत्तर उपासाच्या फराळात सापडते. नवरात्रात उत्तर भारतात धान्य वर्ज्य करून कुट्टू, शिंगाडा, राजगिरा, साबुदाणा व वरी यांचे पदार्थ करतात. यांपैकी एकातही मूलतः ग्लूटेन नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी यांतही ते नसते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरी बाजारातही ही पिठे अधिक दिसू लागली आहेत. कुट्टूचे पीठ मात्र ताजेच घ्यावे. जुन्या व खराब कुट्टूच्या पिठाने नवरात्रात दिल्लीत लोक आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि काही व्यक्तींना खुद्द कुट्टूचीच ॲलर्जी असते.

कामांची वाटणी : एक उदाहरण

समजा, एका मुलाला अंडे, दूध व गहू ही तिन्ही वर्ज्य आहेत. तांदूळ, शिंगाडा, जवस व केळे चालतात. त्याच्यासाठी लहान केक करावयाचा आहे. ओलाव्याचे काम केळे व पाणी यांच्याकडे, बांधण्याचे जवसाकडे, ग्लूटेनच्या जाळ्याचे इसबगोलाकडे, फुगविण्याचे बेकिंग पावडरीकडे आणि स्निग्धतेचे तेलाकडे सोपविता येईल. आकार पक्का करण्याचे काम प्रथिनांऐवजी पिष्टाने करावयाचे आहे. तांदूळ व शिंगाडा यांचे पिष्ट उष्णतेने पाणी पिऊन फुगते व निवताना घट्ट होते.

प्रमाण असे घ्यावे : तांदळाचे बारीक पीठ १०० ग्रॅम, शिंगाड्याचे पीठ ५० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, कुसकरलेले केळे ८० ग्रॅम, तेल ५० मिलिलिटर, तीन मोठे चमचे पाण्यात भिजविलेली एक मोठा चमचा जवसाची पूड, एक लहान चमचा इसबगोल, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, एक लहान चमचा लिंबाचा रस व सुमारे १२० मिलिलिटर पाणी. बेकिंग पावडर व लिंबाचा रस वगळून सर्व साहित्य कालवून पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे पीठ व इसबगोल पाणी पितील. शेवटी ती दोन्ही घालून हलक्या हाताने ढवळावे, लहान वाट्यांत ओतावे व १७५ अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे.

लहान वाट्या सुचविण्यास कारण आहे. आधाराचे जाळे अशक्त असल्यामुळे मोठ्या केकचा मध्यभाग खचतो; लहान केकला वाटीच्या भिंतीचा आधार मिळतो व उष्णता आतपर्यंत लवकर पोहोचते. केक पूर्ण निवेपर्यंत कापू नये, कारण पिष्ट अजून घट्ट होत असते. तो चिकट झाल्यास पुढच्या वेळी पाणी थोडे कमी करावे. भुसभुशीत झाल्यास इसबगोल किंचित वाढवावा. एका वेळी एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण किंवा दोष कोणाचा हे कळत नाही.

लेबल, गिरणी आणि भांडी

योग्य कृती हाती आली, तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे नको त्या पदार्थाचा शिरकाव रोखण्याचे.

भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर हिरवी खूण असली की तो शाकाहारी. अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो व त्यावर तपकिरी खूण असते. २०२० च्या नियमावलीने ती त्रिकोणाकृती ठरविली. हिरव्या खुणेवरून अंडे नाही एवढे कळते. दूध, गहू, सोयाबीन वा सुकामेवा यांबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ॲलर्जीकारक घटकांची निराळी नोंद असते. ती नोंद वाचावी. ‘ग्लूटेनविरहित’ असे लिहिण्यासाठी एका किलोग्रॅममध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. बेकरीतील सुट्या केकवर असे लेबल सहसा नसते. तेथे करणाऱ्यालाच विचारावे लागते, आणि ‘अंडे आहे का?’ एवढेच नव्हे, तर ‘यात काय काय आहे, आणि त्याच भांड्यात व भट्टीत आणखी काय होते?’ असे विचारावे लागते.

पिठाची गिरणी हे दुर्लक्षित राहणारे ठिकाण आहे. ज्या जात्यावर सकाळभर गहू दळला, त्यावर दुपारी दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. म्हणून सीलियाक रुग्णाचे पीठ घरीच दळावे किंवा खात्रीच्या ठिकाणचे बंद पाकिटातील घ्यावे. बाजारातील मिश्र हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. घरात चाळणी, पोळपाट, लाकडी चमचा व केकची भांडी निराळी ठेवावीत. लाकडाच्या भेगांत पीठ सहज अडकून राहते. एकाच भट्टीत भाजावयाचे असेल, तर वर्ज्य पदार्थ नसलेला केक आधी भाजावा.

शाळेत करून पाहण्याजोगे प्रयोग

या लेखातील तत्त्वे वर्गात थोड्या साहित्यात पडताळून पाहता येतील.

पहिला प्रयोग. कणकेचा लहान गोळा घट्ट भिजवून अर्धा तास ठेवावा व मग पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहावे. पांढरे पिष्ट वाहून जाते व हातात ताणणारा, चिकट पदार्थ उरतो, तेच ग्लूटेन. तांदळाच्या पिठाच्या गोळ्याचे असेच केल्यास हातात काहीच उरत नाही.

दुसरा प्रयोग. बाटलीत तीन-चार चमचे व्हिनेगर घ्यावे, फुग्यात एक चमचा खाण्याचा सोडा भरावा व फुगा बाटलीच्या तोंडाला ताणून बसवून उलटा करावा. फुगा फुगतो. थोड्या वेळाने त्याचे फुगणे थांबते; केकचे मिश्रण करून ठेवल्यास काय होईल, ते यावरून समजते.

तिसरा प्रयोग. तीन पेल्यांत सारखेच पाणी घेऊन एकात जवसाची पूड, दुसऱ्यात इसबगोल व तिसऱ्यात तांदळाचे पीठ प्रत्येकी एक चमचा घालावे. दहा मिनिटांनी चमच्याने उचलून पाहावे. कोणते मिश्रण तार धरते, कोणते थरथरते व कोणते तळाशी बसते याची नोंद करावी.

चौथा प्रयोग. बिनमिठाच्या पाण्यात शिजविलेल्या काबुली चण्यांचे गार पाणी रवीने किंवा यंत्राने घुसळावे. फेस किती वेळ टिकतो, साखर घातल्याने तो अधिक टिकतो काय, व लिंबाच्या दोन थेंबांनी काय फरक पडतो, हे घड्याळ लावून पाहावे.

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गातील कोणाला गहू, चणा अथवा अन्य कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे काय, हे पालकांकडून विचारून घ्यावे. ज्याला असेल त्या विद्यार्थ्याला कोरड्या पिठाच्या उडणाऱ्या धुळीपासून दूर बसवावे व निरीक्षणे लिहिण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.